चाखल्याशिवाय पाव बाहेर जाणार नाही

मी, या कागदाच्या शेवटी स्वतःच्या हाताने पूर्ण सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा पाव भाजणे, गल्लीत 'अळणीबाई' या नावाने ओळखली जाणारी, आज हे लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते मी ठरवले आहे आणि ते कोणाला विचारून ठरवलेले नाही.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या चर्चच्या मंडळीच्या कारभाऱ्यांचा जोडलेला नाही, कारण त्यांनी तो दिला नसता. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. दबाव पुष्कळ आला, मी त्याच्याखाली गेले नाही. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी सांगत आले तर त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे.

कलम १. भट्टी आणि घर.

खाली भट्टी, पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि वर पिठाचा माळा, अशी ही इमारत माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केली. त्यांना आम्ही दोघेच. धाकट्या भावाला शिकवून मास्तर केले, मला पीठ मळायला शिकवले. दोघांनाही आपापल्या वाटणीचे मिळाले, तक्रार नाही.

मंडळीने मागच्या महिन्यात मला पत्र पाठवले आहे. चर्चला लागून असलेली ही जागा मी मंडळीला द्यावी, म्हणजे भट्टी पाडून तिथे उपास-प्रार्थनेचे सभागृह बांधता येईल. बदल्यात माझा 'पूर्वीचा प्रसंग' विसरला जाईल आणि दारावरच्या संगमरवरी पाटीवर माझे नाव कोरले जाईल. पत्रावर कारभारी म्हणून माझ्या भावाची सही आहे. त्याचे अक्षर अजून सुरेख आहे.

माझे उत्तर इथेच नोंदवते. भट्टी पाडू नये. नाव कोरू नये. आणि पूर्वीचा प्रसंग विसरू तर मुळीच नये, म्हणून तो पुढे लिहिला आहे.

ही सारी इमारत, भट्टीसकट, मी माझ्या भाचीला देते. ती मास्तरांची एकुलती एक मुलगी. एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून इथे कामाला आली आणि गेली चौदा वर्षे पहाटे माझ्याआधी हजर असते. अट एकच. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातला एक पाव तिने मोडावा आणि चिमूटभर तोंडात टाकावा, मगच बाकीचे दाराबाहेर पाठवावेत. सुकाळ असो, ताप असो, उपासाचे चाळीस दिवस असोत. चाखल्याशिवाय पाव बाहेर जाणार नाही.

कलम २. ही अट का, त्याचा खुलासा.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, अटीला कारण लिहायची गरज नसते." मी म्हटले, "कायद्याला नसेल, मला आहे."

आमच्या मंडळीत उपासकाळात, रविवार सोडून चाळीस दिवस, सकाळी उठल्यापासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, असा नेम आहे. चर्चच्या ओसरीवर एक काळा फळा आहे. जो नेम धरतो त्याचे नाव खडूने त्यावर लिहितात, ज्याचा मोडतो त्याचे पुसतात. चाळिसाव्या दिवशी उरलेली नावे सगळ्यांसमोर वाचतात आणि ती माणसे उभी राहतात. माझे वडील तीस वर्षे उभे राहिले.

भट्टीवाल्याचा उपास काय असतो ते ज्याने केला त्यालाच कळते. लोकांच्या घरी अन्न झाकून ठेवता येते. आमच्याकडे पहाटेपासून ते फुलत असते, तांबूस होत असते आणि त्याचा वास थेट पोटात जातो. तरी बाबांनी नेमात आणखी एक पाचर मारून ठेवली होती. ते चाळीस दिवस, मधले रविवार धरून, भट्टीच्या घराने सूर्य मावळल्यावरसुद्धा पाव तोंडाला लावायचा नाही, उकडलेल्या बटाट्यावर भागवायचे. बाबा म्हणत, "पोट रिकामं केलं की देव काय म्हणतो ते नीट ऐकू येतं." मी ते मनापासून मानत असे. अजून मानते.

बावीस वर्षांपूर्वी बाबा अंथरुणाला खिळले. त्या उपासकाळात पहिल्यांदाच ते भट्टीजवळ नव्हते. काम मी आणि माझी वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, अशा दोघींनी वाटून घेतले. उपासाने वहिनीचे हात गळून जात, म्हणून मळण्याचे काम मी घेतले आणि पीठ मोजून टाकण्याचे तिला दिले. आजवर पीठ मी मोजत असे आणि मीठही मीच घालत असे. आता मला वाटले, मोजणारी मीठ घालते. तिला वाटले, वन्सं आजवर घालतात तशा घालतात. एरवी पहिल्याच दिवशी कळले असते, कारण कोणीतरी तुकडा तोंडात टाकतेच. पण आम्ही पडलो नेमाच्या पक्क्या. दोघींपैकी एकीनेही चाखले नाही.

पंधरा दिवस आमच्या भट्टीतून बिनमिठाचा पाव गेला.

कोणी तक्रार केली का? नाही! दुकानात गिऱ्हाईक येत होते ते बहुतेक मंडळीतले. त्यांना वाटले, उपासकाळ आहे, भट्टीवालीने मुद्दाम अळणी केला असेल. संध्याकाळी ते डोळे मिटून, प्रार्थना करून तो खात होते. एक म्हातारी तर मला म्हणाली, "यंदाच्या पावात फार भक्ती उतरली आहे हो." मी लाजून 'देवाची कृपा' म्हणाले. आता आठवले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पण आमचा पाव आणखी एका ठिकाणी जायचा. गल्लीच्या टोकाला धर्मादाय दवाखाना आहे. रोजचे साठ पाव. तिथल्या लोकांनी कोणताही नेम धरलेला नव्हता. ते नुसते आजारी होते.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, वहिनीला घेरी आली म्हणून पाव द्यायला मी स्वतः गेले. पुरुषांच्या खोलीत खिडकीशी एक म्हातारा चांभार होता. हात काळे, बोटांना दाभणाचे घट्टे. माझ्या हातातली टोपली बघून तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडं कोणी वारलंय का?"

"का हो?"

"पावाला चव नाही. घरात माणूस गेलं की बाईच्या हातचं असं होतं."

मी म्हटले, "पाव रोजच्यासारखाच आहे."

त्याने उशी उचलली. खाली सात-आठ पाव होते, कडक झालेले, एकेक घास तोडलेले. "टाकवत नाही, खाववत नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी मीठ बंद केलं. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांना वाटलं, तुम्ही धर्मानं बंद केलंय. धर्माला कोण विचारणार, म्हणून गप्प बसलो."

त्याच्या गालाची हाडे वर आली होती. नर्सबाई मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आठ दिवसांत बरेच जण नीट जेवले नाहीत."

मी टोपलीतला पाव मोडला आणि तिथेच, भरदुपारी, तोंडात टाकला. चिखल खाल्ल्यासारखा लागला. मला सरळ सांगायचे आहे, त्या क्षणी मला देवाचा आवाज ऐकू आला, आणि तो उपासामुळेच ऐकू आला, बाबा खोटे बोलत नव्हते. आवाज म्हणाला, तुझा उपास हे लोक करत आहेत. दुसरे काही म्हणाला नाही. मला तेवढे पुरले.

धावत घरी आले, नवा घाणा लावला, मीठ घातले, चाखले, पुन्हा चाखले आणि संध्याकाळी साठ पाव दवाखान्यात पोचवले. चांभाराने दोन खाल्ले आणि म्हणाला, "आता घरात सगळं ठीक आहे."

कलम ३. पूर्वीचा प्रसंग.

त्याच संध्याकाळी चर्चच्या ओसरीवर जाऊन मी मास्तरांना सगळे सांगितले. लपवायचे असते तर सोपे होते. नर्सबाई बोलल्या नसत्या आणि चांभाराला आमच्या नेमाशी काय देणेघेणे!

मास्तर म्हणाले, "चूक झाली, माणसाकडून होते. यापुढं मोजून मीठ घाल. चाखायची काय गरज?"

"पीठ रोज वेगळं असतं, मीठ कधी ओलं असतं कधी कोरडं. मोजलेलं चुकलं तर कळणार कसं? देवानं जीभ कशाला दिली आहे?"

"ताई, नेम म्हणजे नेम. आज तुला चिमूटभर सोडली, की उद्या खानावळवाला ताटभर मागेल."

"मागू दे. त्याच्याही ताटावर कोणीतरी जेवतंच ना?"

"चाखणार असशील तर नाव राहणार नाही."

"चाखणार आहे. रोज. आणि बाकी दिवसभर उपासही करणार आहे. देवाला एका वेळी दोन गोष्टी समजतात."

त्याने रुमालाने माझे नाव पुसले. एवढ्या हळुवारपणे पुसले की त्याचाच मला जास्त राग आला.

रविवारी मंडळी भरली होती. मी पिठाच्या परातीवर घालायचे ओले फडके घेऊन गेले आणि सगळ्यांच्या देखत फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून टाकला. माझे गेल्यावर एकोणीस नावे उरली होती. एकोणीसही गेली. मी म्हटले, "दवाखान्यातल्या लोकांनी तुमच्यापेक्षा कडक उपास केलाय. आधी त्यांची नावं लिहा." त्या वर्षी चाळिसाव्या दिवशी कोणीच उभे राहिले नाही.

त्या एकोणिसांत माझ्या बापाचे नाव होते. एकतिसावे वर्ष, आणि तेच शेवटचे ठरले. पुढच्या महिन्यात बाबा गेले. फळ्याबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. रोज पहाटे अंथरुणातून एवढेच विचारत, "आज मीठ घातलंस का?" तो टोमणा होता की काळजी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मास्तर मात्र सगळ्यांना सांगत राहिले की हिने मरणाच्या दारातल्या बापाचे नाव पुसले. त्यानंतर ते माझ्या भट्टीचा पाव खात नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाहून कागदात गुंडाळलेला यंत्राचा पाव आणतात. वहिनी होती तोवर तिला तो वाढावा लागला, बिचारी.

तेव्हापासून दर वर्षी उपासकाळाच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर जाते आणि आमचे वर्षभराचे बोलणे होते. "नाव लिहा." "चाखणं सोडणार?" "नाही." "मग नाव नाही." "बरं." बावीस वर्षे झाली, दोघांपैकी एकालाही एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही. यंदा भाची गेली. तिनेही तेच उत्तर दिले, तिचेही नाव लिहिले नाही. घरी येऊन ती हसत म्हणाली, "आत्या, मी पण अळणी झाले."

कोणी हे वाचून म्हणेल की बघा, उपास थोतांड आहे, तर तो गाढव आहे. चिमूट सोडून मी बावीस वर्षांत एकही उपास मोडलेला नाही. उपासाने माझे कान उघडले. पण ऐकलेले करायचेच नसेल तर कान उघडे ठेवून उपयोग काय? देवाचे ऐकणे हे पहिले, उपास त्याच्या मदतीला. आमच्या मंडळीने नोकराला गादीवर बसवले आहे आणि मालकाला ओसरीवर उभे केले आहे. हे मी तोंडावर सांगितले होते, आता लेखी देते.

कलम ४. किरकोळ वस्तू.

(अ) मिठाची मातीची बरणी, कड उडालेली, भाचीला. ती फडताळात ठेवू नये, मळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवावी.

(आ) पीठ मळायची लाकडी परात आणि भट्टीत पाव सरकवायचे लांब दांड्याचे फावडे, हीसुद्धा भाचीला. फावड्याचा दांडा तीनदा बदलला आहे, पाते बाबांचे आहे. पात्याला हात लावू नये.

(इ) बँकेत जे काही असेल ते दवाखान्याच्या पावासाठी. रोजचे साठ पाव बंद होता कामा नयेत.

(ई) माझी काळी शाल नर्सबाईंच्या धाकट्या बहिणीला. ती दहा वर्षे त्या शालीकडे टक लावून बघते आहे.

(उ) मांजर कोणाचेही नाही. ते जिथे जाईल तिथे जाऊ द्यावे.

(ऊ) 'अळणीबाई' हे नाव. पोरांनी ठेवले, मी कमावले. ते भाचीने हवे तर घ्यावे. देवाची गंमत अशी की आता हृदयासाठी डॉक्टरांनी मला मीठ बंद केले आहे, म्हणजे मी शेवटी नावाला जागले.

कलम ५. माझे दफन.

बाबांशेजारी. भाषण करायचे असेल तर उभ्याने आणि थोडक्यात. आलेल्या प्रत्येकाला ताजा पाव द्यावा. उपासकाळ असेल आणि ज्यांचा नेम असेल, त्यांनी तो खिशात ठेवून सूर्य मावळल्यावर खावा. त्यांची थट्टा कोणी करू नये.

कलम ६. मास्तरांबद्दल.

माझ्या भावाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. रागाने नव्हे. वकीलबाईंनी सांगितले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायद्यात नाही. पण तो मास्तर आहे. हातात कागद आला की चुका काढल्याशिवाय त्याच्याने राहवणार नाही. तो हे शेवटपर्यंत वाचेल, ही माझी खात्री आहे. म्हणून जे तोंडाने झाले नाही ते इथे लिहिते.

चाखल्याबद्दल मी क्षमा मागत नाही. मेल्यावर देवासमोरही मागणार नाही, कारण त्यानेच सांगितले होते. फळा पुसल्याबद्दलही मागत नाही. पण बाबांचे नाव पुसले, ते मागते. मी रागात होते, फडके फिरवताना एकही नाव वाचले नाही, आणि त्यांचेही त्यात गेले. चांभाराच्या खाटेशी मी ऐकले आणि त्याच घटकेला केले. भावाशी समेट कर, हे तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि तिथे मात्र बावीस वर्षे बहिऱ्याचे सोंग घेतले. दुसऱ्यांना आज्ञापालन शिकवायला निघालेल्या बाईचे हे असे आहे.

मास्तर, बाबांच्या नावाबद्दल मला क्षमा कर. हे एक वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

भाचीला त्याला बोलवायला पाठवले आहे. तो येईल की नाही, ठाऊक नाही. न आला तर पोस्टमन सही करील, तो भला माणूस आहे. टेबलावर आजच्या घाण्यातला पाव मोडून ठेवला आहे, कारण या घरात येणाऱ्यापुढे पाव ठेवायचा हा बाबांचा रिवाज आहे. दुपारचे दोन वाजले आहेत, उपासाचा दिवस आहे, हे मला कळते. खाल्लाच पाहिजे अशी अट नाही. एका अटीपायी मी अर्धे म्हातारपण भांडले, आता स्वतः दुसरी घालून बसणार नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे. तो माझाच आहे. त्यात फेरफार करायचा अधिकार मी कोणालाही देत नाही, आणि कोणी करू धजला तर त्याने आधी भट्टीसमोर दोन तास उभे राहून दाखवावे.

ठिकाण : भट्टीच्या मागची खोली.
दिनांक : उपासकाळाचा सत्ताविसावा दिवस, शुक्रवार.

मृत्युपत्र करणारी : (सही)
भट्टीवाली

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की भट्टीवालीने आमच्या समोर, शुद्धीत आणि नेहमीच्याच तोऱ्यात सही केली, आणि मग आम्ही तिच्या समोर केली.

साक्षीदार पहिली : (सही)
धर्मादाय दवाखान्यातील नर्स. पंधरा दिवसांच्या पावाबद्दल लिहिले आहे ते खरे आहे. मी तिथे होते.

साक्षीदार दुसरा : (सही)
निवृत्त शिक्षक, मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ.

कलम ३ मध्ये एक चूक आहे, ती दुरुस्त करतो. त्या रविवारी फळ्यावर अठरा नावे होती. बाबांचे त्यांत नव्हते. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावले आणि म्हणाले, "भट्टी माझी, पाव माझा, आधी माझं नाव पूस." मी पुसले. ताई, तू फळा पुसल्याचे कळले तेव्हा ते हसले होते. हे तुला न सांगण्याचा आणि लोकांना उलटे सांगत राहण्याचा अपराध माझा आहे. क्षमा मी मागायला हवी.

पाव चाखला. मीठ बरोबर आहे.